एकोणिसाव्या दगडावरचं नाव

ओहायोतल्या डब्लिनला मी काकांच्या बेसमेंटमध्ये राहायला गेले, तेव्हा त्यांनी दारातच माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि खिशातून लाल पेन काढलं. बॅगेवर माझ्या नागपूरच्या होस्टेलच्या पत्त्याची जुनी चिठ्ठी चिकटलेली होती. काका गुडघ्यांवर बसले, 'वसतीगृह' मधली 'ती' त्यांनी ऱ्हस्व केली, टोपण लावलं आणि मग वर बघून म्हणाले, "ये आत. चहा घेणार ना?"

पुढची पाच वर्षं मी त्या घरात होते. एवढ्या काळात त्यांनी मला कधी मोठ्या आवाजात गाणी लावू नकोस म्हटलं नाही, की उशिरा का आलीस म्हणून विचारलं नाही. फक्त फ्रिजवर लावलेल्या माझ्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी लाल होऊन मिळत.

काका मूळचे सांगलीचे. पुण्यात इंजिनिअरिंग शिकताना त्यांनी संध्याकाळचा जर्मनचा क्लास लावला, कारण ज्याला जर्मन येतं त्याला अमुक एक कंपनी जर्मनीला पाठवते अशी आवई होती. आवई खरी निघाली. दक्षिण जर्मनीत लेथ मशीन बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी दोन वर्षं उमेदवारी केली, तिथून पुढे ओहायो, आणि ओहायोतच रिटायर झाले. जर्मनांनी आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या असं ते सांगत. एक म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि दुसरी म्हणजे कोणाचीही चूक तोंडावर सांगायची लाज न वाटणं. काकूंचं म्हणणं होतं की दुसरी गोष्ट ते सांगलीहूनच घेऊन गेले होते.

"चूक लहान नसते, आपला चष्मा लहान असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी देवळाच्या विश्वस्तांना ऐकवलं होतं, इंडियन ग्रोसरीच्या मालकाला ऐकवलं होतं, आणि गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या आमंत्रणात 'कार्यक्रमाची रुपरेषा' असं छापून आलं तेव्हा छापणाऱ्याला ऐकवण्यासाठी चाळीस मैल ड्राइव्ह करून गेले होते. त्यांची मुलगी शिकागोला वकील. लहानपणी आजीला लिहिलेली तिची मराठी पत्रं आजीकडे पोचण्याआधी काकांच्या हातून जात. आता ती वडिलांना मेसेज करताना शब्द वापरतच नाही, नुसता अंगठा पाठवते. अंगठ्यात चूक काढता येत नाही.

या मुलीकडून परत येतानाच काकांना एक कबर सापडली. माझ्या आधीची गोष्ट, पण काकूंनी मला ती इतक्या वेळा सांगितली की मीच मागच्या सीटवर होते असं वाटतं. शिकागोहून निघताना दोघांनी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून महिन्याचं सामान भरलं होतं, त्यात दोन किलो श्रीखंड होतं. अर्ध्या वाटेत काका चुकीच्या एक्झिटला उतरले. (हे काकांच्या तोंडून ऐकलं तर एक्झिटची पाटी चुकीची होती.) गाडी वळवायला जागा शोधता शोधता ते एका मिलिटरी कबरस्तानाच्या फाटकातून आत शिरले. हिरवळीवर पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा, सगळ्या एका रेषेत, एका उंचीच्या. काकांना ते काम पाहून इतका आनंद झाला की ते गाडी थांबवून रांगांची ओळ डोळ्याने तपासायला उतरले. अशी ओळ बघत बघत ते पार मागच्या कोपऱ्यात पोचले. तिथे मोठ्या ओकच्या झाडाखाली वेगळी अशी एकच रांग होती. एकोणीस दगड. त्यांवर जर्मन नावं.

दुसऱ्या महायुद्धात पकडलेले जर्मन कैदी जहाजांनी अमेरिकेत आणले होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. छावण्यांत ठेवून त्यांच्याकडून शेतीची, जंगलाची, फळं-भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतली कामं करून घेत. त्यांतले काही इथेच गेले. कोणी न्यूमोनियाने, कोणी ट्रक उलटून, कोणी अपेंडिक्स फुटून. त्यांना जवळच्या मिलिटरी कबरस्तानात पुरलं, अमेरिकन सैनिकांसारखाच दगड दिला, फक्त कोपरा वेगळा.

एकोणिसाव्या दगडापाशी काका थबकले. त्यावर नाव होतं कार्ल शुत्से. खाली 'जर्मन युद्धकैदी', आणि मृत्यूची तारीख. काकांच्या मते हे आडनाव शुत्से असूच शकत नव्हतं. त्यातल्या 'यू' या अक्षरावर दोन टिंबं हवी होती. ती टिंबं दिली की उच्चार बदलतो, अर्थही लागतो. काका गाडीकडे धावत आले ते पेन घ्यायला नाही, हे काकू मुद्दाम सांगतात, कॅमेरा घ्यायला. चारी बाजूंनी फोटो काढून होईपर्यंत तास गेला. घरी पोचल्यावर काकूंनी डबा उघडला तर श्रीखंडाचं पीयूष झालेलं होतं.

त्यानंतर त्या दोन टिंबांनी काकांचा ताबा घेतला. ते महिन्याला एक पत्र लिहीत, थडग्यांचे दगड ज्यांच्या अखत्यारीत येतात त्या दफ्तराला. उत्तर छापील येई, आणि त्यावर काकांचं स्वतःचं आडनाव दर वेळी वेगवेगळ्या पद्धतीने चुकलेलं असे. काका ते लाल पेनाने दुरुस्त करून पुढच्या पत्रासोबत परत पाठवत. घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून ते त्या आडनावाचा उच्चार करून घेत. ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. मला तो तिसऱ्या आठवड्यात जमला. काकू म्हणाल्या, दूध उतू जाताना माझ्या तोंडून जो आवाज निघतो तोच हा, त्यासाठी जर्मन कशाला शिकायला हवं.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मुलीने काकांना हायवेवर ड्राइव्ह करायला बंदी केली, आणि सारथ्य माझ्याकडे आलं. महिन्यातून एका शनिवारी आम्ही निघायचो. अडीच तासांचा रस्ता. डिकीत पाण्याचे कॅन, मऊ ब्रश, जुने पंचे. साबण नाही, कारण दगडाला साबण चालत नाही हे त्यांनी तिथल्या राखणदाराकडून शिकून घेतलं होतं. हा राखणदार स्वतः जुना सैनिक, गुडघ्याला पट्टा, बोलणं मोजकं. सुरुवातीला त्याने काकांवर नजर ठेवली. मग खुर्ची आणून दिली. मग त्यांना प्रोफेसर म्हणू लागला. काका एकोणीसच्या एकोणीस दगड धूत, आणि शेवटच्यापाशी आले की दिलगिरी व्यक्त केल्यासारखे जरा वेळ थांबत. "काम चालू आहे," असं दगडाखालच्या कार्लला मराठीत सांगत.

कार्लबद्दल त्यांना एवढंच कळलं होतं की तो लढाईत मेला नाही. सफरचंदाच्या बागेत फळं काढताना शिडीवरून पडून मेला. वय बावीस. ही माहिती राखणदाराच्या जुन्या वहीतून मिळाली होती. काकांना ती फार लागली होती. समुद्र ओलांडून, युद्धातून जिवंत वाचून, माणूस शिडीवरून पडावा, आणि वर नावही चुकावं. "एका माणसाच्या वाट्याला किती निष्काळजीपणा यावा," असं ते मला हायवेवर सांगत, आणि पुढच्या वाक्यात मी इंडिकेटर उशिरा दिला म्हणून सांगत.

सफरचंदाच्या या गोष्टीतूनच मंडळाची सहल घडली. त्या वर्षी शरद ऋतूच्या सहलीचं काम काकांकडे होतं. त्यांनी बस ठरवली, सफरचंदाची बाग ठरवली, आणि पत्रकात 'वाटेत एक ऐतिहासिक स्थळ' एवढंच लिहिलं. लोकांना वाटलं किल्लाबिल्ला असेल. बस कबरस्तानाच्या फाटकाशी थांबली तेव्हा चाळीस माणसं डबे हातात घेऊन उतरली. समोर पांढऱ्या दगडांच्या रांगा होत्या. मग एका आजींनी कोणाला न विचारता चपला काढल्या. त्यांचं पाहून बाकीच्यांनी काढल्या. ऑक्टोबरातल्या थंडगार ओल्या गवतावर चाळीस मराठी माणसं मोज्यांनी चालली होती, आणि फाटकाशी चाळीस जोड. राखणदार ऑफिसातून बाहेर आला, त्या जोड्यांकडे बराच वेळ बघत राहिला, आणि त्याने आपली टोपी काढली.

इथवर सगळं काकांच्या मनासारखं झालं. मग ते ओकच्या झाडाखाली उभे राहून टिंबांविषयी बोलू लागले. त्या आडनावाचा अर्थ नेमबाज, म्हणजे बंदूक चालवणारा शिपाई, आपल्याकडे हवालदार, सुभेदार अशी आडनावं असतात ना, त्यातलाच प्रकार, असं त्यांनी समजावून सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष हे निवृत्त डॉक्टर, मोठे भारदस्त गृहस्थ. त्यांनी हात वर केला आणि विचारलं की ही माणसं हिटलरच्या सैन्यातली होती ना. काका म्हणाले, हो.

"म्हणजे आमच्या पायांतल्या चपला काढायला लावल्यात त्या यांच्यासाठी?" डॉक्टर म्हणाले.

चपला काढा असं काकांनी म्हटलंच नव्हतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "डॉक्टर, मी याचं समर्थन करत नाही. मी याचं शुद्धलेखन करतो."

डॉक्टर तडक बसमध्ये जाऊन बसले. दरम्यान मागे वेगळीच चर्चा सुरू झाली होती. चपला काढणाऱ्या आजींनी कोणाला तरी हळूच विचारलं की स्मशानातून थेट बागेत कसं जायचं, आंघोळ नको का. हा प्रश्न त्या गर्दीत ठिणगीसारखा पसरला. अर्धी बस घरी जाऊ म्हणाली, अर्ध्या बसला सफरचंदं हवी होती. शेवटी बस बागेत गेली, तिथल्या मालकिणीने काही न विचारता झाडांना पाणी घालायचा पाइप दिला, आणि चाळीस जणांनी रांगेत उभं राहून त्या बर्फासारख्या पाण्याने पाय धुतले. त्या हिवाळ्यात मंडळातल्या एकवीस जणांना सर्दी झाली. डॉक्टर काकांशी वर्षभर बोलले नाहीत.

काकांनी ते मनाला लावून घेतलं नाही असं दाखवलं, पण त्यानंतर ते गाडीत डॉक्टरांशी वाद घालत बसत. डॉक्टर गाडीत नसत, त्यामुळे त्यांची बाजूही काकाच मांडत, आणि प्रामाणिकपणे मांडत असल्यामुळे बऱ्याचदा हरत.

काकांच्या पहिल्या पत्रानंतर चार वर्षांनी दफ्तरातून पहिलं हाताने सही केलेलं पत्र आलं. दगड बदलू, पण खऱ्या नावाचा त्या काळातला लेखी पुरावा द्या. काका कामाला लागले. पत्रावर पत्र, अर्जावर अर्ज. अखेर कुठल्याशा अभिलेखागाराने छावणीच्या दवाखान्याच्या रजिस्टरमधल्या एका पानाची नक्कल पाठवली. हे रजिस्टर कैद्यांपैकीच एक मलमपट्टी करणारा जर्मन ठेवत असे. त्याच्या वळणदार अक्षरात मृत्यूची ती तारीख होती, आणि समोर लिहिलं होतं 'श्युत्से कार्ल'. 'यू'वर दोन ठसठशीत टिंबं.

काकांनी मला ऑफिसात फोन केला. मी मीटिंगमधून उठून बाहेर आले, वाटलं काकूंना काही झालं. संध्याकाळी काकूंनी शिरा केला. जेवणाच्या टेबलावर मधोमध ते पान, बाजूला शिऱ्याची वाटी, आणि काका भिंगातून टिंबं बघत होते. काकूंनी चष्मा लावून ते पान आपल्याकडे ओढलं. काकूंना जर्मनचा एक शब्द येत नाही. पण गावच्या पब्लिक लायब्ररीत त्यांनी वीस वर्षं नोकरी केली होती, याद्या वाचायची त्यांना सवय होती. त्यांनी बोट वरून खाली नेलं. पानावर आठ नावं होती.

"या प्रत्येक नावाच्या आधी हे काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"हुद्दा. हा नाईक, हा हवालदार, तसं."

"सगळ्यांच्या आधी?"

"सगळ्यांच्या. जर्मन लोक आहेत ते, एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा असं करत नाहीत."

"मग याचा हुद्दा कुठाय?"

काकांनी पान परत आपल्याकडे ओढलं आणि भिंग नावाच्या डाव्या बाजूला नेलं.  शिरा गार होईपर्यंत ते त्या पानाकडे बघत होते. श्युत्से म्हणजे नेमबाज, म्हणजे जर्मन पायदळातला सगळ्यात खालचा हुद्दा, साधा शिपाई. चाळीस लोकांपुढे त्यांनी स्वतःच तो अर्थ सांगितला होता. श्युत्से हे आडनाव नव्हतंच. कार्ल हे आडनाव होतं. मलमपट्टीवाल्याने 'शिपाई कार्ल' असं लिहिलं. कुठल्या तरी अमेरिकन कारकुनाला वाटलं, आधी आडनाव आणि मग नाव अशी सरकारी पद्धत आहे. त्याने ते उलटं केलं, त्याच्या टाइपरायटरवर टिंबं नव्हती ती गाळली, आणि शिपाई कार्लचा कार्ल शुत्से झाला. चार वर्षं काका ज्या दोन टिंबांसाठी भांडले ती त्या माणसाच्या नावात कधी नव्हतीच. आणि त्याचं पहिलं नाव दगडावर कुठेच नव्हतं.

"माझी सख्खी मावशी सुभेदारांकडे दिलेली," काका शेवटी म्हणाले. "दुसऱ्या कोणाला हे आधी कळलं असतं. आपल्याला हुद्द्यांची आडनावं इतकी सवयीची, की मला शंकासुद्धा आली नाही."

काकूंनी शिरा गरम करायला नेला. त्यांनी नंतर कधीही, भांडणातसुद्धा, हा विषय काढला नाही. याला मी मोठेपणा समजते.

पुढचं भराभर झालं. जर्मनीत युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवतात, तिथून कळलं की त्या तारखेला त्या छावणीत मेलेला शिपाई म्हणजे आंतोन कार्ल, दक्षिणेकडच्या एका लहान गावचा. ज्या कारखान्यात काका शिकले होते तिथून ते गाव जेमतेम तीस किलोमीटर. गावच्या नगरपालिकेने त्याची भाची शोधून दिली. वय एक्याऐंशी, पोस्टातून निवृत्त. तिचं पत्र दोन ओळींचं होतं. तो माझ्या आईचा भाऊ. दगड बदलला की कळवा, मी येईन. काकांनी उलट सहा पानं लिहिली, ओक, सफरचंदं, शिडी, सगळं. तिचं पुन्हा दोन ओळींचं उत्तर. काकांना ते फार आवडलं. एकही शब्द जास्तीचा नाही, म्हणाले.

नवा दगड बसला. दर नोव्हेंबरात एका रविवारी जर्मन लोक आपल्या युद्धातल्या मृतांची आठवण करतात, आणि त्या दिवशी या एकोणीस दगडांपाशीही छोटा कार्यक्रम होतो. कोणी अधिकारी पुष्पचक्र ठेवतो, एक अमेरिकन सैनिक बिगुल वाजवतो, वीस-पंचवीस लोक असतात. राखणदाराने खटपट करून काकांना भाषणासाठी तीन मिनिटं मिळवून दिली. काकांनी नऊ पानं लिहिली. मग चार केली. कपडे धुवायच्या खोलीत मला स्टुलावर बसवून ते तालीम करत. जर्मन बोलायला ते शिकले कारखान्यात, त्यामुळे भावना व्यक्त करायला शब्द कमी पडत. दुःखासाठी योग्य शब्द आठवेना, म्हणून त्यांनी यंत्राच्या भागांची होते ती झीज वापरली होती. "आईच्या हृदयाची झीज. वाईट नाही वाटत," ते म्हणाले. मला वाईट वाटलं नाही. अजूनही तोच शब्द बरोबर वाटतो.

भाची आदल्या दिवशी आली. उंच, सडपातळ, करड्या कोटातल्या बाई, हातात एकच लहान बॅग. घरात येताच काकांनी त्यांच्याशी जर्मन बोलायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात त्या बाई तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. त्यांना बरं इंग्रजी येत होतं. त्यांनी मला सांगितलं की तुमचे काका अगदी माझ्या नवऱ्याच्या जुन्या फोरमनसारखं बोलतात, नुसते हुकूम. कोट काढा. बसा. चहा घ्या. तिथे हात घालू नका. त्या रात्री जेवताना दोघांनी सत्तरच्या दशकातल्या लेथ मशीनवर एवढ्या गप्पा मारल्या, की काकू मला म्हणाल्या, मी लेथ मशीन असते तर यांनी माझ्याशीही एवढ्या गप्पा मारल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी गाडीत मात्र बाई खिडकीबाहेरच बघत होत्या. कबरस्तानात पोचल्यावर त्या ओकच्या झाडाखाली गेल्या आणि नव्या दगडासमोर उभ्या राहिल्या. आंतोन कार्ल. अक्षरं ताजी, कडा धारदार. त्यांनी फूल आणलं नव्हतं. काकांनी आपल्याकडची पांढरी शेवंती पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मग आम्हा तिघांकडे वळून त्या सावकाश इंग्रजीत बोलल्या, बहुतेक मला आणि काकूंनाही समजावं म्हणून.

त्यांच्या आईकडे या दगडाचा फोटो होता. युद्धानंतर काही वर्षांनी चर्चमधल्या कोणा अमेरिकन बाईने पाठवलेला. नाव चुकलंय हे आईला तेव्हाच दिसलं होतं. तिने फोटो खणात ठेवला आणि कोणाला कळवलं नाही. त्यांच्या घराशेजारी कापडाचं दुकान होतं, एका ज्यू कुटुंबाचं. त्या कुटुंबातला धाकटा भाऊ गावाबाहेरच्या एका कोठारात लपला होता. आंतोनला ते माहीत होतं. त्याने जाऊन पोलिसांना सांगितलं. त्या माणसाला घेऊन गेले, तो परत आला नाही. आंतोन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, सैन्यात जायच्या आधी. त्याला कोणी सांग म्हटलं नव्हतं.

"आई म्हणायची, तिकडे त्याचं नाव नाही ते बरंच आहे," बाई म्हणाल्या. "ती होती तोवर मी तिचं ऐकलं. पण मला वाटायचं, चुकीच्या नावाखाली तो फार आरामात झोपलाय. तुमचं पत्र आलं, तेव्हा मी ठरवलं की नाव बरोबर झालं पाहिजे, आणि ते मी पाहिलं पाहिजे. मी रडायला आलेले नाही."

काकांच्या हातात शेवंती तशीच होती.  काकूंनी त्यांच्या हातातून फुलं काढून घेतली आणि बाजूच्या बाकावर ठेवली.

लोक जमू लागले. पुष्पचक्र ठेवलं गेलं, बिगुल वाजला. बिगुल वाजत असताना काका भाचीकडे झुकले आणि त्यांनी काहीतरी विचारलं. खिशातून भाषणाचे कागद काढले, उलटे केले, आणि कोऱ्या बाजूवर लिहून घ्यायला त्यांच्यापुढे धरले. बाईंनी लिहिलं. काकांनी ते वाचून पुन्हा त्यांना दाखवलं, एका अक्षरावर बोट ठेवून. त्यांनी मान डोलावली.

राखणदाराने प्रोफेसर म्हणून नाव पुकारलं. काका माइकपाशी गेले. त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं, या दगडावर आता बरोबर नाव आहे, आंतोन कार्ल. मग ते म्हणाले की आणखी एक नाव आहे, त्याच गावातलं, ज्याला दगड मिळालेला नाही, आणि कागदाची उलटी बाजू बघून त्यांनी ते सावकाश वाचलं. सिग्मुंड वाइल. मग एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं, जसं फोनवर सांगतात. आणि जागेवर येऊन बसले. तीन मिनिटांतलं एक मिनिटही झालं नव्हतं. पुढे बसलेल्यांना काही उलगडा झाला नाही. एक-दोघांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली ठेवले.

परत निघताना काकूंनी थर्मासमधला चहा ओतला. चौघं गाडीजवळ उभे राहून प्यायलो. गार वारा होता. बाईंनी दोन्ही हातांनी कप धरला होता. त्यांनी काकांना विचारलं की हे सगळं आधी माहीत असतं तर तुम्ही या दगडासाठी एवढी वर्षं घातली असती का.

 काका जर्मन, इंग्रजी सगळं विसरून मराठीतच बोलले.

"केलं असतं," ते म्हणाले. "भाषण तेवढं लिहिलं नसतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी कप काकूंकडे दिला, काकांच्या कोटाची उलटी झालेली कॉलर नीट केली, आणि गाडीत जाऊन बसल्या.